ठोकळ्यावरच्या दोन रेघा

फिट्झरॉय, मेलबर्न
११ एप्रिल १९२३

श्री. जेबेझ ट्रेगिअर यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळख झाली असती तर मी तुम्हाला आवडले नसते. मी ऑगस्टा मेरिक. 'कुराजाँग' नावाचं कला आणि साहित्याचं त्रैमासिक मी काढते, छापते आणि बहुतेक वेळा स्वतःच वाटतेही. त्याचा एक अंक तुमच्या थर्झाने काही वर्षांपूर्वी तुम्हाला बेंडिगोला पाठवला होता. तो तुम्ही त्याच वेष्टनात परत पाठवलात. गाठसुद्धा तीच होती.

आडवळणाने लिहायला मला जमत नाही. तुमची मुलगी आजारी आहे. छातीचा आजार आहे. डॉक्टर खोलीत तिच्याशी एक बोलतात आणि जिन्यात माझ्याशी दुसरंच बोलतात. जिन्यातलं मी तुम्हाला कळवते आहे: पुढचा उन्हाळा तिला दिसणार नाही. ती माझ्याच घरी आहे, छापखान्याच्या वरच्या खोलीत. टेकडीवरच्या आरोग्यधामात जायला ती तयार नाही, कारण तिथे लाकूड कोरायच्या कोरण्या नेऊ देत नाहीत.

मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही. कळलं तर उशी फेकून मारेल. तेवढी ताकद अजून आहे.

हिवाळी अंकासाठी ती चित्राचा एक लाकडी ठोकळा कोरते आहे. चित्रात तुम्ही तुमच्या अंगणात दगडावर वाकला आहात, हातात हातोडा आणि छिन्नी. तुमचा फोटो तिच्याकडे नाही, सगळं आठवणीतून चाललं आहे. मी म्हटलं, "कान जरा मोठे झालेत." तर म्हणाली, "तू त्यांना पाहिलं नाहीस. मी माया करून लहान काढलेत."

एकदा येऊन जा, एवढंच मागते. किंवा चार ओळी लिहा. बेंडिगोहून गाडीने येणं म्हणजे काही समुद्र ओलांडणं नव्हे.

ऑगस्टा मेरिक


फिट्झरॉय
९ मे १९२३

श्री. ट्रेगिअर,

तुमचं उत्तर नाही. मात्र माझं पत्रही परत आलं नाही, म्हणून हे दुसरं.

तिला कळलं. घरमालकिणीने तुमचं नाव पाकिटावर वाचलं होतं, ती वर चहा घेऊन गेली आणि बडबडली. मग माझी वर हजेरी लागली.

"काय लिहिलंस त्यांना?"

"आजारी आहेस म्हणून."

"म्हणजे भीक मागितलीस. माझ्या नावाने!"

"मग काय मागायचं होतं, बाई?"

"काही मागायचं नाही. ठोकळा पुरा होऊ दे, मग त्याचा छाप पाठव. माझं काम पाठव, माझा खोकला पाठवू नकोस."

त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मांस-भाजी भरलेली पॅस्टी मागवली आणि दोन घास खाऊन म्हणाली, "आमच्याकडे याच्या दुप्पट सलगम घालतात." म्हणजे राग गेला असं मी धरलं.

तुमच्या घरातलं भांडण मला ठाऊक आहे. एकाच बाजूने ठाऊक आहे, हेही कबूल. तुम्ही तिला लहानपणी पोत्यावर बसवून पाटीच्या तुकड्यांवर अक्षरं कोरायला शिकवलंत. मोठी झाल्यावर बेंडिगोच्या दफनभूमीतले कितीतरी दगड तिने कोरले. आणि दुकानावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा तुम्ही लावलंत 'ट्रेगिअर आणि भाचा'. भाचा म्हणजे क्लेम रो, ज्याला सरळ रेघ मारायला पट्टी लागायची. तिने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मुलीचं नाव पाटीवर लावलं तर चॅपेलमधले लोक हसतील." हसले असते, यात मला शंका नाही. चांगल्या कपड्यातल्या लोकांना हसायला फार कमी पुरतं.

ती निघाली तेव्हा दारातून काय म्हणाली ते तुम्हाला आठवत असेल. "तुझ्या हातचं काम दाखव, असं एक दिवस तुम्ही स्वतः मला म्हणाल." तिला ते अजून आठवतं. अंक निघाला की पहिली प्रत ती चाळते, आपल्या छापाचं पान उजेडाकडे धरते, आणि नेहमी तेच विचारते, "बाबांनी काय म्हटलं असतं?" मी म्हणते, "काही नाही. तुझे बाबा बोलत नाहीत." यावर ती हसते. पण तिला दुसरं काहीच नको आहे, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलं आहे. वर्तमानपत्रातली स्तुती ती कोरण्या पुसायला वापरते.

ऑगस्टा मेरिक


फिट्झरॉय
८ जून १९२३

श्री. ट्रेगिअर,

सोबत छाप आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आहे, घडी घालू नका.

हे चित्र यंत्रावर नक्कल करून काढलेलं नाही. तिने कोरलेला लाकडाचा ठोकळा, त्यावर शाई, त्यावर हा कागद, आणि दाबयंत्राच्या दांड्याला मी. 'कुराजाँग'मधली सगळी चित्रं अशीच असतात. म्हणूनच आमचे वर्गणीदार मोजके आणि चिवट आहेत. प्रत्येक कागदावर खाली पेन्सिलने तिची सही आहे. सह्या करायला तिला आठवडा लागला. मी म्हटलं, आद्याक्षरं पुरे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली जाऊन शाई घोटत बसले.

छपाई चालू असताना तिने जमिनीवर काठी आपटून मला तीनदा वर बोलावलं. आवाजावरून तिला कळतं म्हणे, दाब कमी पडतोय. दाब कमी पडत होता. छपाई संपली की एक काम आमच्यात कलावंताने स्वतः करायचं असतं, तेही तिने उशीला टेकून स्वतःच केलं, मला हात लावू दिला नाही. मग झोपली.

पहिला छाप तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "बाबा अक्षर तपासताना डोळे मिटतात आणि कडेवरून अंगठा फिरवतात. यावरून फिरवतील का गं?"

"कागदावर अंगठ्याला काय लागणार?"

"तेच म्हणते."

तिला आता जिना उतरता येत नाही. वाक्य बोलताना मध्ये थांबावं लागतं. तब्येतीचं मी काही कळवायचं नाही असं ठरलं होतं, पण ती मला काय करणार आहे?

कान खरंच लहान काढलेत का, एवढं तरी कळवा.

ऑगस्टा मेरिक


फिट्झरॉय
२० जून १९२३

श्री. ट्रेगिअर,

तुमचं कार्ड सकाळच्या टपालाने आलं. 'कागद मिळाला. कागदातलं मला कळत नाही. तिने कोरलेलं लाकूड पाठवा.'

मी दारातच ओरडले. घरमालकीण धावत आली, तिला वाटलं वर काही झालं. मी या वयाची आणि या आकाराची बाई एका दमात जिना चढले. थर्झाने कार्ड वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं. म्हणाली, "त्यांनी मागितलं." मग रडली. मग खोकला आला. मग मला म्हणाली, "बघितलंस? मागितलं त्यांनी."

आणि मला माझ्याच मूर्खपणाचं हसू आलं. पाथरवटाला मी कागद पाठवत बसले! तुमच्याकडे कोरलेली वस्तू हेच काम, आमच्याकडे तिच्यावरून उठलेला कागद. तुम्हाला लाकूड हवं, हे तिला पहिल्यापासून ठाऊक असणार. पण तुम्ही मागावं म्हणून ती थांबली होती.

ठोकळा आजच्या मालगाडीने निघतो आहे, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, खोक्यात खिळे ठोकून. त्याबद्दल मला चार शब्द लिहायचे होते, पण तिने कागदावर हात ठेवला आहे. "एक अक्षर लिहू नकोस. ते पाथरवट आहेत. त्यांना कोरीवकाम समजावून सांगणार कोण, तू? छापखानेवाली?" तेव्हा लिहीत नाही. पाहा आणि तुम्हीच ठरवा.

पण लवकर पाहा. आणि कृपा करून, मिस्टर ट्रेगिअर, पाहून झाल्यावर गाडीत बसा.

ऑगस्टा मेरिक


फिट्झरॉय
४ जुलै १९२३

श्री. ट्रेगिअर,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा. तुम्ही रागावला आहात हे मला माहीत आहे, आणि कशाने तेही आजच कळलं. तुमचा राग चुकीचा आहे.

दुपारी क्लेम रो खोका घेऊन आला. त्याचं नाव ऐकून आधी मला आनंद झाला, कारण वाटलं मागून तुम्ही येत असाल. तो टोपी हातात घेऊन छापखान्यात उभा राहिला. उजव्या हाताची दोन बोटं फ्रान्सच्या लढाईत गेलीत त्याची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो वाईट मुलगा नाही. थर्झाच्या तोंडून ऐकून माझ्या मनात त्याचं वेगळंच चित्र होतं.

"मामांनी परत पाठवलंय," तो म्हणाला.

"परत? का? आवडलं नाही?"

"आवडण्याचं काय घेऊन बसलात, बाई. ते येणार होते. रविवारचा कोट घासून खुंटीला लावला होता. मला म्हणाले, चॅपेलमध्ये सांग, या आठवड्याला मी नाही."

"मग?"

"मग खोका आला. अंगणात उघडला, सगळी माणसं बघायला. मामांनी खालच्या बाजूने फ्लॅनेल सोडायला घेतलं. आधी हात दिसला, हातोडा धरलेला. अंगठा फिरवला त्यांनी त्यावरून. म्हणाले, 'कड बघ, क्लेम. कड बघ कशी ठेवलीय.' असं मामा कुणाच्या कामाला म्हणत नाहीत हो. मग वरचं फ्लॅनेल काढलं." त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं. "तोंडावरून दोन रेघा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. खोल मारलेल्या."

"अहो, त्या तर..."

"आमच्याकडे दगड बिघडला, तडा निघाला किंवा अक्षर फसलं, की मामा त्यावर अशाच दोन रेघा मारतात. टाकून द्यायचा दगड. थर्झाने लहानपणापासून बघितलंय ते. माणसं सगळी खाली बघायला लागली. मामा म्हणाले, 'समजलं. खिळे आण.' बास."

मिस्टर ट्रेगिअर, मी खाली बसले. खुर्ची नव्हती, कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

आता ऐका. आमच्या प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर एक वचन छापलेलं असतं: ठरलेले छाप काढून झाले की ठोकळ्यावर रेघा मारल्या जातील. म्हणजे पुन्हा त्यावरून छाप काढता येणार नाही, आणि ज्याला छाप मिळाला त्याचाच तो कायमचा. हे काम कलावंताने स्वतः करायचं, हेच ते काम, जे मी तुम्हाला मागे मोघम लिहिलं होतं. चांगल्या ठोकळ्यालाच रेघा मिळतात. बिघडलेल्यावर आम्ही कधी रेघ मारत नाही, तो चुलीत जातो. ज्या दिवशी तिने त्या रेघा मारल्या, त्या दिवशी ती म्हणाली, "आजवरचं सगळ्यात चांगलं काम, ऑगस्टा." तिचा हात थरथरत होता, म्हणून जास्त जोर लावला, म्हणून त्या खोल गेल्या. तुम्हाला खोडायला नाही.

तुमच्या अंगणातल्या रेघा तिच्या लक्षात कशा आल्या नाहीत, हे तुम्ही विचाराल. मीही विचारते आहे. ती इतकी वर्षं आमच्यात राहिली की तिला रेघ म्हणजे पुरं झालेलं काम, दुसरं काही सुचलंच नाही. आणि ज्या दिवशी तुमचं कार्ड आलं त्या दिवशी ती कुठल्याच गोष्टीचा नीट विचार करण्याच्या स्थितीत नव्हती. मी होते. मी चार शब्द लिहायला हवे होते, तिचा हात बाजूला सारून.

क्लेमला हे सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली. पण म्हणाला, "मी सांगून बघतो, पण माझं ऐकायचे नाहीत. तिच्याबद्दल मी तोंड उघडलं की मामा म्हणतात, तुझ्यामुळेच तर गेली ती." म्हणून हे लिहिते आहे.

थर्झाला काही सांगितलेलं नाही. खोका मी कागदांच्या मागे ढकलला आहे. क्लेमला वर नेलं नाही. तिने आवाज ऐकून विचारलं, कोण आलं होतं. मी म्हटलं, बेंडिगोहून निरोप आला, लाकूड पोचलं, आणि तुझे बाबा १४ तारखेच्या शनिवारी येताहेत. तोंडातून निघून गेलं. तिचा चेहरा असा उजळला की परत घेता येईना.

तेव्हा आता या. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठीही नाही म्हणा हवं तर. मी खोटारडी ठरू नये म्हणून या.

ऑगस्टा


फिट्झरॉय
१७ जुलै १९२३

मिस्टर ट्रेगिअर,

मागचं पत्र न उघडता परत आलं. म्हणून हे क्लेमच्या हाती देते आहे, तो काल तिला बघायला म्हणून आला होता. तो आधी तुम्हाला बातमी सांगेल आणि मग हे वाचून दाखवेल. बातमी ऐकल्यावर माणूस निदान खाली बसतो, असं त्याचं म्हणणं आहे. क्लेम, हळू वाच, आणि मोठ्याने वाच. त्यांच्या कानांत इतक्या वर्षांची दगडाची धूळ आहे असं ती सांगायची.

मागच्या पत्रात काय होतं ते क्लेमला ठाऊक आहे, तो सांगेल. थोडक्यात हे: त्या रेघा तुमच्यावर मारलेल्या नव्हत्या. आमच्या धंद्यात काम पुरं झाल्याची ती खूण आहे. यापेक्षा सोपं मला लिहिता येत नाही. तुम्हाला पटो न पटो, आता त्याने काही बदलत नाही, हे मला कळतं. तरी लिहिते आहे.

मी स्वतः बेंडिगोला यायला हवं होतं. पण शेवटच्या आठवड्यात तिला सोडून तासभरही जाता येत नव्हतं, आणि घरमालकीण रक्त पाहिलं की घेरी येऊन पडते.

तुम्ही येणार म्हणून तिने बरीच तयारी केली. केस धुवून मागितले. मी म्हटलं सर्दी होईल, तर म्हणाली, "काहीतरी नवीन तरी होईल." घरमालकिणीकडून केशराचे बन भाजून घेतले, तुम्हाला आवडतात म्हणून. ते वाळले, मग दुसरे भाजायला सांगितले. रोज थोडा वेळ उशीशिवाय बसायचा सराव करायची, तुमच्यासमोर आडवं पडून बोलायचं नव्हतं तिला. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. "आधी कामाचं बोलायचं. घरचं सगळं नंतर. आधी घरचं काढलं तर ते उठून जातील."

आणि सारखी एकच चौकशी. "लाकूड बघून काय म्हणाले असतील?"

क्लेमने सांगितलेलं मी तिला सांगितलं. अर्धंच सांगितलं. तुम्ही हातोड्यावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, कड बघ. तिने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. "कुणाला म्हणाले?" क्लेमला. "सगळ्यांसमोर?" सगळ्यांसमोर. "आणि मग?" मग काही नाही, मी म्हणाले, तुझे बाबा बोलत नाहीत. ती हसली. तुम्ही तेवढं म्हणाला होतात याबद्दल मी तुमचे आभार मानते. त्याच्यावर ती शेवटचे दिवस जगली.

हिवाळी अंक वर्गणीदारांना गेला. लोकांची पत्रं येताहेत, सगळ्यांना तुमचं चित्र आवडलं आहे. मी ती उघडते आणि बाजूला ठेवते. पुढचा अंक निघणार नाही. कोरणारी माणसं मिळतील, काठी आपटून दाब कमी आहे म्हणणारं कुणी मिळायचं नाही, आणि मला आता शोधायचंही नाही.

तिला इथेच पुरलं. दगडाबद्दल मी काही म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ठोकळा क्लेमबरोबर पाठवते आहे. या वेळी नको असला तरी परत पाठवू नका. इथे तो घ्यायला कुणी नाही.

गुरुवारी तिने मला कपाटातून स्वच्छ चादर काढून ठेवायला सांगितली, शनिवारी सकाळी घालायची म्हणून. खिडकीजवळची खुर्ची दाराकडे वळवून घेतली, तुम्ही आल्याबरोबर बसाल म्हणून. बेंडिगोची गाडी वेळेवर येते का, असं विचारलं. मी म्हटलं, येते.

शुक्रवारी सकाळी ती गेली. त्यामुळे शनिवारी तुम्ही आला नाहीत, हे तिला कळलं नाही.

ऑगस्टा मेरिक